कोरी पाठ

चैत्र उतरणीला लागला की माझा घसा खाजवायला लागतो. लोकांना ऋतू झाडांवरून कळतात, मला घशावरून. साखर कारखान्यांची धुराडी गार होतात, रस्त्याच्या कडेला उसाची चिपाडं वाळत पडलेली असतात, आणि एखाद्या दुपारी नदीकडून वारा सुटला की कुठल्या तरी गावची हलगी कानावर येते. मग मी गरम पाण्यात हळद-मीठ टाकून गुळण्या सुरू करतो. बायको म्हणते, "आलं का अंगात?"

मी कुस्तीच्या मैदानातला माईकवाला. एरवी कराडच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळतो. वर्षातले दहा महिने लोकांना 'हळू बोला' असं सांगायचं आणि जत्रांच्या दोन महिन्यांत त्याचं उट्टं काढायचं, असा माझा धंदा आहे. पैलवान मातीत उतरला, की त्याच्या पणज्यापासूनचे डाव मी लोकांना ऐकवतो. काही पणजे मी स्वतःच तयार केलेले आहेत. अजून एकाही पैलवानाने तक्रार केलेली नाही.

यंदा मात्र गुळण्या करूनही घसा मोकळा होईना. झालं असं, की आमच्याच गावच्या जत्रा कमिटीतली तीन पोरं मोटारसायकलवरून आली. हातात छापील मानपत्र. गावचे जुने पैलवान विलासराव, आता साठी ओलांडलेले, त्यांचा मैदानात सत्कार ठरला होता. त्यातल्या मधल्या ओळीवर एका पोराने बोट ठेवलं.

"दादा, ही वळ जरा दमात वाचा. टाळी हाय हितं."

ओळ अशी होती : 'ज्यांची पाठ उभ्या आयुष्यात मातीला लागली नाही असे अजिंक्य मल्ल.'

पोरांचा काही दोष नव्हता. ती त्या वेळी जन्मलीसुद्धा नव्हती. गावात जे सांगितलं जातं, ते त्यांनी छापून आणलं. पण विलासरावांची पाठ मातीला लागलेली मी दहा पावलांवरून पाहिली होती. ती लावणारा दगडू यंदाही मैदानात असणार होता, कारण त्याच्या नातीची कुस्ती त्याच दिवशी होती. आणि ती ओळ त्याच्यासमोर, त्याच मातीत, मला दमात वाचायची होती.

त्या चैत्राला आता पस्तीसेक वर्षं झाली. मी बावीस वर्षांचा होतो. माईक हातात येऊन दोन जत्रा झाल्या होत्या आणि पब्लिक आपल्या खिशात आहे असं मला वाटायला लागलं होतं. त्या दिवसांचा वास मला अजून येतो. कडुलिंबाचा मोहोर, तालमीतल्या मातीत जिरवलेलं ताक, आणि त्या सगळ्यावर हळद. हळदीचा वास दगडूचा.

दगडू गावाबाहेरच्या दलित वस्तीतला. सांगलीच्या बाजारात हळदीची पोती वाहायचा. आठवड्याने गावी यायचा, तेव्हा मान, खांदे आणि पाठ पिवळी झालेली असायची. ओढ्यावर घासून घासून अंघोळ केली तरी तो रंग जायचा नाही. त्याची आई म्हणायची, "माझ्या पोराला बारमाही हळद लागल्याली, नवरी तेवढी कुठं घावंना."

गावच्या तालमीचं दार त्याला कुणी बंद केलं नव्हतं. फक्त तो आत आला की बाकीचे पैलवान कपडे चढवून घरी जायचे. दोन-तीनदा असं झाल्यावर त्याने ओढ्याच्या काठी स्वतःचा हौदा खणला. लांबून लाल माती आणली, त्यात तेल, ताक, लिंबू जिरवलं, आणि बाजारात रिकामी पोती झटकून गोळा केलेली हळदीची भुकटी मिसळली. लढायला जोडीदार एकच, चुलतभाऊ गणपा.

आणि जत्रेच्या मैदानातही जोडीदार तोच. दर वर्षी. पोरांच्या, रेवडीच्या बक्षिसाच्या कुस्त्या उरकल्या की भर उन्हात, मांडव निम्मा रिकामा असताना, या दोघांना मातीत सोडायचे. एकमेकांचे सगळे डाव पाठ, त्यामुळे कुस्ती बरोबरीत सुटायची. कुणी काही बोललंच तर मुख्य पंच तात्या हात झटकायचे, "जोड लावलीया की रं. डावललंय कुठं?"

त्या वेळी माईकवर मी काय बोलायचो, तेही सांगून टाकतो. "आता बघा मंडळी, घरचंच भांडण! आईनं भाकरी सारखी वाटली न्हाई म्हणून मैदानात आलंय!" हशा पिकायचा. त्या हशावर मी दोन जत्रा काढल्या. दगडू आणि गणपा मान खाली घालून सलामी द्यायचे, आणि मला वाटायचं, ते लाजले.

एका संध्याकाळी सुभेदार आप्पांनी मला त्यांच्या दारच्या चिंचेखाली बोलावून घेतलं. आप्पा फौजेतून निवृत्त झालेले. पलटणीत बॉक्सिंग खेळलेले. सत्तरी ओलांडली होती, तरी चिंचेच्या फांदीला वाळूचं पोतं टांगून रोज सकाळी धोतराचा काचा मारून त्याला ठोसे द्यायचे. ठोसा देताना नाचायचे. गावातल्या बायका पाण्याला जाताना मुद्दाम तिकडून जायच्या.

"लय हसवतोस," आप्पा म्हणाले.

मी खूश झालो. म्हटलं, "व्हय आप्पा, देवाची देणगी हाय."

"देवाला नको मधी घालू. हिकडं बघ." त्यांनी ट्रंकेतून एक पिवळा पडलेला कागद काढला. परदेशी मासिकातलं कापलेलं चित्र. एक दांडगा काळा माणूस, कमरेइतक्या जाड मांड्या, हातात मोजे, आणि तोंडभर हसू. महायुद्धाच्या वेळी आप्पांची पलटण समुद्रापार होती, तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या काळ्या शिपायाने त्यांना ते दिलं होतं. त्या बॉक्सरचं खरं नाव आप्पा सांगायचे, पण ते आमच्या जिभेवर बसेना. शेवटी आप्पांनीच त्याचं बारसं केलं. काळूबा.

त्या चैत्रात रोज संध्याकाळी आप्पांनी मला काळूबा सांगितला. सांगताना स्वतःच काळूबा व्हायचे, स्वतःच गोरा व्हायचे, आणि मध्येच दम लागून पंच व्हायचे.

"ऐक गड्या. बारक्या वजनात काळ्या-गोऱ्याची लढत चालायची तिकडं. पर भारी वजनाचा पट्टा म्हंजे काय? दुनियेतला सगळ्यात ताकदवान गडी. तो काळा निघाला तर? मंग बाकीच्या सगळ्या गोष्टी खोट्या पडत्यात का न्हाई? म्हनून त्यांनी पट्ट्याभवती रेघ मारली. गोरा चॅम्पियन सरळ सांगायचा, मी काळ्याशी लढत न्हाई. भितो असं न्हाई म्हनायचा. लढत न्हाई म्हनायचा."

मग काळूबा त्या गोऱ्या चॅम्पियनच्या मागे लागला. या देशातून त्या देशात. चॅम्पियन लढायला उतरला की हा पुढच्या रांगेत बसून मोठ्याने हसायचा. शेवटी पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला त्याने त्याला गाठलं. गोरा खाली बसायच्या बेताला आला, तसे पोलीस मध्ये घुसले. लढत थांबवली. आणि चित्र काढणारा कॅमेरा बंद करायला लावला, कारण गोरा माणूस पडताना दिसायला नको.

"कॅमेरा बंद?" मी विचारलं.

"बंद. पर पंचानं हात काळूबाचाच वर केला. पंच गोरा हुता. तरीबी केला."

एका संध्याकाळी आप्पांनी वेगळीच गोष्ट काढली. काळूबाच्या काळात त्याच्याच तोडीचे आणखी तीन-चार काळे मल्ल होते. त्यांना पट्ट्यापर्यंत कुणी जाऊच दिलं नाही. गोरे लढेनात, म्हणून ते एकमेकांशीच लढायचे. आज याच्याशी, पुढच्या महिन्यात त्याच्याशी, परत याच्याशी. तीच तोंडं, तेच ठोसे, वर्षानुवर्षं. त्यांतला एक तर डोळ्यांनी जवळजवळ आंधळा झाला तरी लढत राहिला. आणि काळूबाने चॅम्पियन झाल्यावर त्यांना बोलावलं का? आप्पांनी वाळूच्या पोत्याला एक ठोसा दिला. "नावाला एकदा. आपला पट्टा कुनाला नको असतो रं?"

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिकडंबी पब्लिक हसत असंल. घरचंच भांडण म्हनून."

चिंचेचा पाला त्यांच्या टोपीवर गळत होता. मी उठलो आणि घरी आलो. त्या रात्री जेवण गेलं नाही म्हटलं तर खोटं होईल, चांगलं दोन वेळा वाढून घेतलं. पण माईकवर बोलायच्या ओळी घोकायला बसलो, की 'घरचंच भांडण' मी गाळून पुढे जायचो.

आणि जत्रा आली.

त्या दिवशीचं ऊन मला पाठ आहे. पिंपळावर माणसं, शाळेच्या कौलांवर माणसं, उसाच्या रिकाम्या ट्रॉल्यांवर माणसं. रेवडीच्या कुस्त्या झाल्या आणि मी दगडू-गणपाची जोड पुकारली. दगडू लंगोट लावून मातीत आला. गणपा आला नाही. तो अंगात सदरा घालून, हलगीवाल्यांच्या शेजारी मांडी घालून बसला होता. त्याचा बापच हलगी वाजवत होता.

तात्या ओरडले, "अय गणपा! ऊठ की!"

गणपा म्हणाला, "तात्या, यंदा न्हाई. आमी एकमेकाला वळखतो. वळख नसल्याली जोड द्या त्याला."

आमच्याकडे एक रीत आहे. ज्या पैलवानाला जोड नाही, त्याने हात वर करून मैदानाला तीन फेऱ्या मारायच्या. लढायचं असेल त्याने पुढे येऊन त्याच्या हाताला हात भिडवायचा. तीन फेऱ्यांत कुणी आलं नाही, तर माईकवाल्याने 'जोड नाही' म्हणायचं आणि पैलवानाने बाहेर जायचं. त्यावर कुणी वाद घालत नाही.

दगडू थांबला. उन्हं कलल्यावर, मोठ्या कुस्त्यांच्या वेळी, हात वर करून तो निघाला.

आता योगायोग बघा. पहिल्या नंबरची कुस्ती विलासची होती. बागाईतदाराच्या घरचा, दुधातुपावर वाढलेला, सगळ्या गावाचा लाडका गडी. त्याचा जोडीदार कोल्हापूरकडून यायचा होता, त्याचा गुडघा दुखावल्याचा निरोप दुपारीच आला होता. म्हणजे एकाच मैदानात जोड नसलेले दोन पैलवान होते. एक हात वर करून चालत होता, दुसरा खांद्यावर टॉवेल टाकून बसला होता. आणि दहा हजार डोळ्यांना हे साधं गणित दिसत नव्हतं.

पहिली फेरी झाली. लोकांना अचानक विड्या सापडेनाशा झाल्या. कुणी फेटा सोडून परत बांधायला लागला. दगडू समोर आला की माणसं वरच्या पिंपळाकडे बघायची.

दुसरी फेरी. हलगीसुद्धा हळू झाली. दगडू विलाससमोरून गेला. विलासने पायाचा अंगठा बघितला.

तात्या माझ्या कानाशी आले. "तिसरी संपली की 'जोड न्हाई' म्हन आन् मोकळा हो."

तिसरी फेरी सुरू झाली. इतका वेळ वर धरलेल्या हाताला दगडूने आता दुसऱ्या हाताचा टेकू दिला होता. माझ्या हातात माईक. मी आप्पांकडे बघितलं. ते पुढच्या रांगेत काठीवर हनुवटी ठेवून बसले होते.

मी घसा खाकरला. "मंडळी, तिसरी फेरी चाललीया. तवर एक परदेशातली कुस्ती सांगतो."

आणि मी काळूबा सांगितला. दोन मिनिटांत, जेवढा बसेल तेवढा. गोरा चॅम्पियन मी असा काही रंगवला, की पोरं ट्रॉलीवरून पडायची बाकी राहिली. "गोरा म्हनला, मी लढत न्हाई. आमी त्याला घाबरत न्हाई, फकस्त लढत न्हाई! ह्यो देश सोडून त्या देशात गेला, पर घाबरून न्हाई बरं का, हवापालट म्हनून!" हशा उसळला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा हशा. तो विरतो न विरतो तोच पिंपळावरून एक आवाज आला.

"आमच्यातला गोराबी भ्याला वाटतं!"

कर्ण्यातून कुईं आवाज आला आणि माईक मेला. तात्यांनी वायर उपटली होती.

सगळे विलासकडे बघत होते. त्याचे कान लाल झाले होते. तो उठला, टॉवेल फेकला आणि ताडताड चालत जाऊन दगडूच्या हातावर हात आपटला. उगाच खोटं कशाला बोलू, त्याला न्याय वगैरे काही सुचलं नव्हतं. त्याला 'भ्याला' हा शब्द सोसला नव्हता. पण हात भिडला होता, आणि भिडलेला हात पंचालाही सोडवता येत नाही.

गणपाच्या बापाने हलगीवर काडी टाकली.

पंधरा मिनिटं ती कुस्ती चालली असेल. वायर नव्हती, म्हणून त्या कुस्तीला माझा आवाज नाही. नुसते श्वास, मांडीवरच्या थापा आणि हलगी. विलासने दोनदा दगडूला खाली घेतलं. दगडू पालथा, माती छातीला घट्ट धरून. विलासने त्याच्या मानेवर गुडघा दाबला, कुशीत हात घालून उलटवायला बघितलं. पोती वाहिलेली पाठ उलटेना. तिसऱ्या खेपेला दगडू खालून निसटला, विलासची मान बगलेत आली, ढाकेचा डाव लागला, आणि विलास हवेत गेला.

धप्.

पाठ लागली. दोन्ही खांद्यांची पाती लागली. मी बघितलं. आप्पांनी बघितलं. तात्यांनी तर सगळ्यात जवळून बघितलं.

आणि तात्यांची शिट्टी वाजली. "सोडवली! कुस्ती बरोबरीत सोडवली!"

विलास अजून उठलाही नव्हता, तोवर कमिटीतल्या दोघांनी धावत येऊन सत्काराची शाल त्याच्या पाठीवर टाकली. मैदानातल्या माणसाला एक गोष्ट माहीत असते. माती सगळ्यांच्याच अंगाला असते, पण दोन पात्यांच्या मध्ये, भाकरी थापल्यासारखी गोल बसलेली माती एकाच कारणाने येते. ती माती शालीखाली गेली. सत्कारासाठी आणलेली शाल मी त्या दिवशी पहिल्यांदा झाकण म्हणून वापरलेली बघितली.

दगडूने माझ्याकडे बघितलं.

आता खरं सांगायची वेळ आली. माईक मेला होता, घसा नव्हता मेला. माझा आवाज वायरीशिवाय नदीपलीकडे जातो, हे सगळ्या गावाला माहीत होतं. 'दगडूने कुस्ती मारली', तीन शब्द. मी हातातल्या मेलेल्या माईककडे बघत राहिलो, जसं काही तोच बोलणार होता.

मग दगडूने चौथी फेरी मारली. अशी फेरी कुठल्याच रितीत नाही. हात वर नाही, काही नाही. लोकांकडे पाठ करून, एकेक पाऊल आडवं टाकत, तो सगळ्या मैदानाला फिरला. गुडघे लाल, छाती लाल, हात लाल. आणि पाठ मधोमध कोरी. तिथे माती लागलीच नव्हती, घामाने हळदीचा पिवळा रंग तेवढा वर आला होता. त्या वेळी कुणीही पिंपळाकडे बघितलं नाही. पण कुणी बोललंही नाही.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली आप्पा मला एवढंच म्हणाले, "त्यांनी कॅमेरा बंद पाडला, तरी काळूबा माझ्यापातूर आला. वाटंत कोन ना कोन बोललंच असंल." त्यानंतर त्यांनी मला पुढची गोष्ट सांगितली नाही. दोन पावसाळे उलटले आणि ते गेले. तात्याही पुढे गेले. विलासने नंतर बऱ्याच कुस्त्या मारल्या आणि बरोबरीची ती कुस्ती लोकांच्या बोलण्यात हळूहळू विजयाची झाली. दगडू परत आमच्या मैदानात उतरला नाही. शिराळ्याकडे, सांगलीकडे लढला म्हणतात. मी दर चैत्रात माईक धरत राहिलो, आणि दर चैत्रात पणजे तयार करत राहिलो.

यंदाचं मैदान. मांडव नवा, कर्णे जाऊन मोठे काळे स्पीकर आलेले, जोड्या वजनकाट्यावर लागतात, आणि मुलींच्या कुस्त्यांना मुलांपेक्षा जास्त गर्दी असते. दगडू हौद्याच्या कडेला उकिडवा बसून नातीच्या बुटाची नाडी बांधत होता. व्यासपीठावर विलासराव, गुडघ्यांवर हात ठेवून. मी मानपत्र वाचायला घेतलं. त्या ओळीशी आलो. माझे दोन्ही डोळे ती ओळ बघत होते आणि जीभ पुढच्या ओळीवर उडी मारून गेली.

"मास्तर," विलासराव खुर्चीतून म्हणाले. ग्रंथालयवाल्याला गाव मास्तर म्हणतं. "एक वळ ऱ्हायली."

मी म्हटलं, "वाचू?"

"वाचा. सगळ्यास्नी कळू द्या काय लिवलंय ते."

मी वाचली. दमात नाही, पण वाचली. टाळ्या पडल्या. कमिटीची पोरं शाल घेऊन पुढे आली. विलासरावांनी हाताने ती बाजूला सारली, जड अंगाने उठले आणि माझ्या हातातला माईक घेतला.

"ह्ये खोटं हाय," ते म्हणाले.

स्पीकर एवढा मोठा, की ते शब्द नदीपर्यंत जाऊन आल्यासारखे वाटले.

"माझी पाठ लागल्याली हाय. ह्याच मातीत. त्या टायमाला एक शाल टाकली हुती माझ्यावर, ती अजून निघंना झालीया. आता आनखी एक नको." आणि त्यांनी दगडूकडे बोट केलं. "त्यानं लावली."

मांडवात कुणी तरी फेटा सोडून परत बांधायला घेतला. मी दगडूकडे बघितलं. त्याने मान वर केली, पांढऱ्या मिशा, डोळे बारीक.

"आवं, मला ठावं हाय की!" तो म्हणाला. "मीच लावली न्हवं!"

मांडव असा हसला, की कबुतरं उडाली. त्या हशात माझा वाटा नव्हता. विलासरावांनी माईक मला परत दिला. माझी बोटं त्याच्यावर होती, वायर जागेवर होती, पण यावेळी मी माईक खाली ठेवला. आणि नुसत्या घशाने, पिंपळापर्यंत जाईल अशा आवाजात, मी निकाल पुकारला.

"पयल्या नंबरची कुस्ती! दगडूनं, ढाक मारून, चितपट केली!"

हलगीवर गणपा होता. बाप गेल्यावर तोच वाजवतो. त्याने काडी टाकली.

दगडूने नातीच्या नाडीला शेवटची गाठ मारली आणि तिच्या पाठीवर थाप दिली.

"बरं झालं," तो मला म्हणाला. "आता फुडली जोड पुकारा की मास्तर. पोरगी कवाची उभी हाय."